बसल्या जागचे उत्पन्न

निवृत्त माणसाला सल्ला देणारे फार भेटतात. माझ्या फंडाचे पैसे बँकेत जमा झाले मात्र, व्याह्यांपासून केस कापणाऱ्यापर्यंत ज्याने त्याने एकच मंत्र दिला : "एक ब्लॉक घ्या, भाड्याने द्या आणि बसून खा!" बसून खायला कोणाला आवडणार नाही? डोंबिवलीला एक जागा मी पसंतही केली आणि इसाराचा चेक खिशात घालून एके दिवशी सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीनने निघालो. डोंबिवली मागे टाकून आधी मुंबई गाठली, ती गिरगावातल्या मामांना नमस्कार करावा म्हणून. आमच्या सबंध गोतावळ्यात चाळीचे मालक असे तेच एकटे.

चर्नी रोड स्टेशनाचा पूल उतरून गिरगावात शिरलो. टॉवर उभे राहिले, जमिनीखालून मेट्रो धावू लागली, तरी ठाकूरद्वाराकडच्या गल्लीत वळले की जुने गिरगाव भेटतेच. मामांची चाळ तशीच होती. कुरकुरणारा लाकडी जिना, टेकू दिलेली गॅलरी, कठड्यावर वाळणारे कपडे आणि दिवाळी तोंडावर आलेली असल्यामुळे दारोदार टांगलेले आकाशकंदील. मालक स्वतः तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत!

"मामा, भाडे किती येते हो तुम्हाला?" चहा घेता घेता मी विचारले.

"एका खोलीचे सत्तर रुपये."

"रोजचे?"

"अरे, महिन्याचे!" मामा मनापासून हसले.

मग त्यांनी कपाटातून पावतीपुस्तके काढली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण धरले. युद्धानंतरच्या मुंबईत गरिबाला निवारा राहिला तो त्यामुळेच, हे मामाही कबूल करतात. पण भाडे गोठले आणि चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी काही गोठली नाही. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर आला. पुढे १९९९ चा नवा कायदा २००० साली लागू झाला. त्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. पंचवीस रुपयांचे सत्तर झाले ते असे.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भाडे घेऊन आल्या. मोजून सत्तर रुपये आणि वर वाटीभर चकल्या. मामांनी पावती फाडली, आजींना खुर्ची दिली आणि त्यांच्या न्हाणीघरातली गळती बघायला स्वतः जिना चढून गेले. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी! बसून खाणारा माणूस मी पाहिला तो असा.

परत आल्यावर त्यांनी माझी डोंबिवली ऐकून घेतली आणि एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. किंमत साठ लाख. मुद्रांक आणि नोंदणी धरून साडेचौसष्ट. भाडे महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. त्यातून सोसायटीचे छत्तीस हजार, घरपट्टी सहा, रंग-नळ-दुरुस्ती दहा आणि भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली त्याचे पंधरा. उरले एक लाख तेरा हजार.

"पावणेदोन टक्के," मामा म्हणाले. "प्राप्तिकर वेगळा. घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर तीस टक्के सूट मिळते, तेवढाच दिलासा."

"पण जागेचे भाव वाढतील ना?"

"वाढतीलही. पण ते भाडे नव्हे, तो तर्क. तर्कावर महिन्याचा किराणा येत नाही." मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "तुझी माडी कोण वापरतो रे?"

मी गप्प झालो. चिरंजीव परदेशी गेल्यापासून माझ्या घराची माडी चार वर्षे कुलपात आहे. भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही, ही धास्ती मामांच्याच चाळीकडे बघून आमच्या घरात शिरली होती.

"ती धास्ती जुन्या भाडेकरारांची," मामा म्हणाले. "लिव्ह अँड लायसेन्स वेगळे. करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी कर आणि नोंदव. नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुदत संपून माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहील तितके दिवस त्याला दुप्पट आकार भरावा लागतो. अनामत घे, पोलिसांत कळव आणि माणूस पारखून घे. आधी त्या माडीवर धडा गिरव, मग डोंबिवली घे."

निघताना म्हणाले, "जागा बघायचीच तर दिवेलागणीला बघ. खिडक्या मोज."

संध्याकाळी डोंबिवलीला त्या इमारतीसमोर उभा राहिलो. सात मजल्यांवर मिळून अकरा खिडक्यांत उजेड होता. बाकीच्या काळोखात माझ्यासारख्याच कुणाकुणाचा फंड भाडेकरूची वाट पाहत बसला असावा. चेक खिशात तसाच ठेवून कल्याणहून रात्रीची गाडी धरली.

पाडव्याला माडीचे कुलूप उघडले. दार फुगले होते, नळ गळत होता, भिंतीला ओल आली होती. दोन महिने सुतार, प्लंबर आणि रंगारी यांच्या मागे हिंडलो. आता तिथे एक तरुण जोडपे राहते. करार नोंदवलेला आहे आणि पाच तारखेला पैसे येतात. काल त्यांचा गीझर बिघडला म्हणून मी तीनदा जिना चढलो.

बसून खायचा योग अजून आलेला नाही. फंड मात्र शाबूत आहे.