पोटातलं पाणी आणि दोहाची प्रयोगशाळा

१९६८ साली मुंबईत आमच्या नर्सिंगच्या वर्गात शिकवलं गेलं की हृदय म्हणजे पंप आणि रक्तवाहिनी म्हणजे नळी. परीक्षेला तेवढं पुरे होतं. पुढे इस्रायलला आले, हिब्रू शिकता शिकता बायकांच्या वॉर्डात तीस वर्षं काढली, ती याच ज्ञानावर निभावली.

त्या वॉर्डात ओव्हरीच्या कॅन्सरच्या बायका यायच्या. हातपाय काटकीसारखे, तोंड सुकलेलं, आणि पोट मात्र नऊ महिने भरलेल्या बाईसारखं. आपल्याकडे जुनी माणसं त्याला जलोदर म्हणायची. डॉक्टर सुई घालायचे आणि मी बाटल्या बदलायची. एकेका वेळी चार-चार, पाच-पाच लिटर पाणी निघायचं. बाईला श्वास मोकळा व्हायचा, ती दोन घास जेवायची, घरच्यांना बरं वाटायचं. आठ-दहा दिवसांत पोट पुन्हा तेवढंच. हे पाणी येतं तरी कुठून, असं आम्ही नर्सेस चहाच्या वेळी एकमेकींना विचारायचो.

उत्तर १९८३ साली अमेरिकेत मिळालं होतं, आमच्या वॉर्डात पोचायला वेळ लागला. डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी दाखवलं की कॅन्सरच्या पेशी एक पदार्थ सोडतात, त्याने रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पोटात पाणी साठतं. १९८९ साली कॅलिफोर्नियात नॅपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढवणारा एक घटक शोधला. तोच हा पदार्थ निघाला! त्याला व्हीईजीएफ म्हणतात. म्हणजे झिरपवणारा आणि नवीन रक्तवाहिन्या फुटायला लावणारा एकच. ज्यूडा फोकमन नावाचे सर्जन, एका रब्बीचे चिरंजीव, १९७१ पासून सांगत होते की नवीन रक्तवाहिन्या आल्याशिवाय गाठ टाचणीच्या डोक्याएवढीच राहते. तेव्हा लोक त्यांना हसले. २००४ साली व्हीईजीएफ अडवणारं पहिलं औषध, बेव्हासिझुमॅब ऊर्फ अवास्टिन, अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा हसणारे गप्प झाले.

माझ्या धाकट्या जावेला २०१३ साली केमोबरोबर हेच औषध मिळालं. पहिल्या दोन महिन्यांतच पोट उतरलं. ती पुन्हा पुरणाच्या करंज्या करायला बसली, मलाच हाताखाली घेतलं. वर्षभर छान गेलं. मग एके दिवशी तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. पाणी हाताला कळतं, नर्सला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, “जाऊबाई, औषध तर चालूच होतं ना? मग हे परत कसं आलं?” २०११ साली छापून आलेले आकडे मला ठाऊक होते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आजार आवरून राहण्याचा काळ साधारण दहा महिन्यांवरून चौदावर गेला होता, पण एकूण आयुष्य वाढलं नव्हतं. ते आकडे मी तिला सांगितले नाहीत. आणि तिने आकडे विचारलेच नव्हते, तिने कारण विचारलं होतं. ती २०१५ साली गेली.

कारण शोधणारा एक निबंध पुढे माझ्या नातीने छापून आणून दिला. ती बायोलॉजी शिकते. वर पत्ता होता दोहा, कतर. २०२३ नंतर आपल्या घरांत कतरचं नाव निघतं ते वाटाघाटींच्या बातम्यांत, म्हणून मी पत्ता दोनदा वाचला. दोहाच्या एज्युकेशन सिटीत न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज २००१ साली निघालं. २००८ साली तिथून डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. दोहाच्या इस्पितळांत आपल्या हिंदुस्थानच्या, त्यातून केरळच्या, नर्सेस पुष्कळ आहेत, हे जाता जाता सांगते. या कॉलेजात आराश रफी हे बायकांच्या कॅन्सरचे सर्जन प्रयोगशाळा चालवत होते.

२०१४ च्या त्या निबंधात बिस्मा गेरुआहेन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलं की ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात एकेटी नावाचं बटण दाबतात. ते दाबलं की अस्तराच्या पेशी एफजीएफ-२ हा दुसरा वाढीचा घटक स्वतःच तयार करतात आणि स्वतःच त्याच्यावर जगतात. अवास्टिन काय करतं? बाहेरून येणारा व्हीईजीएफचा रतीब बंद करतं. पण ज्या घरात गोठाच आहे, तिथे गवळी बंद करून काय होणार? अशा अस्तराच्या आसऱ्याने थोड्या कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना न दिसता टिकून राहतात.

याच प्रयोगशाळेने त्याआधी, २०१३ साली, आणखी एक अजब गोष्ट दाखवली होती. रक्तवाहिनीची पेशी आणि कॅन्सरची पेशी यांच्यामध्ये बारीक दोऱ्यासारखी नळी तयार होते, आणि तिच्यातून रक्तवाहिनीची पेशी आपल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला शक्ती देणाऱ्या भट्ट्या, कॅन्सरच्या पेशीला देते. ज्यांना त्या मिळाल्या त्या पेशी केमोला जास्त तोंड देऊ लागल्या. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. नळी, नळी म्हणून जिला घोकलं, ती गाठीची सुईण निघाली, अंगावरचं दूधसुद्धा पाजणारी!

हे सारं मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर पाहिलेलं आहे, माणसाच्या पोटातला हिशेब अवघड असतो. व्हीईजीएफ आणि एफजीएफ दोघांचीही वाट अडवणारं निन्टेडानिब नावाचं औषध केमोबरोबर देऊन पाहिलं. त्याचा निकाल २०१६ साली आला: आजार आवरला १७.२ महिने, औषधाशिवाय १६.६. एवढ्यासाठी बायकांनी जुलाब सोसले. २०१९ साली मात्र अवास्टिनला ओलापारिबच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा काही बायकांचा आजार सुमारे ३७ महिने आवरला, नुसत्या अवास्टिनवर सुमारे १८ महिने. या ‘काही बायका’ म्हणजे ज्यांच्या गाठीतल्या पेशींना आपला मोडलेला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही त्या. ते काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरून समजतं. तपासणीचं नाव एच.आर.डी. आपल्या कुणाच्या बहिणीवर, सुनेवर ही वेळ आली, तर ही तपासणी झाली का, हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारा. नाव कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही.