चित्रकला म्हणजे 'टाइमपास' नव्हे

नायगावातल्या आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या पोरांना काय व्हायचंय असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. कलेक्टर, पीएसआय, इंजिनिअर, नाहीतर बँकेत. ही उत्तरं चुकीची नाहीत. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या खुर्ची नव्हती त्यांना खुर्ची हवी वाटणारच. पण चार वर्षांपूर्वी एका मुलीने 'मला चित्रकार व्हायचंय' म्हटलं, तेव्हा शेजारची पोरं हसली आणि तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, चित्र काढून पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. मात्र हाच प्रश्न हिंदू कॉलनीतल्या घरात का विचारला जात नाही, हेही विचारलं पाहिजे. तिथं मूल पाचवीत असतानाच चित्रकलेच्या क्लासला जातं आणि शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊन टाकतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्या घरांना आधीच ठाऊक असतं. आपल्या वस्तीत ते कळेपर्यंत फॉर्मची तारीख उलटून जाते. समाजशास्त्रात आम्ही बोर्द्यूचं 'सांस्कृतिक भांडवल' शिकलो. मला ते खरं कळलं ते या मुलीचा फॉर्म भरताना.

गिरगावातल्या एका क्लासमध्ये तिला घातलं. पहिले सहा महिने फक्त वस्तुचित्र. तांब्या, बाटली, टोपली, मागे चुण्या पडलेलं कापड. तिच्या तांब्याचं तोंड गोल यायचं आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखं सपाट. तांब्या टेबलावर ठेवला की बूड सपाटच असणार, असं तिचं डोकं सांगायचं. प्रत्यक्षात नजरेच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितका तो गोल जास्त उघडा दिसतो. म्हणजे बुडाची रेघ तोंडापेक्षा जास्त वाकलेली हवी. हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यायचं आणि दिसतं तेच काढायचं. ठाऊक आहे ते नाही! हे तिला जमायला पावसाळा गेला. मला विचाराल तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा तांब्या एकदा काढून बघावा.

मग आलं स्मरणचित्र. विषय 'बाजार'. तिने काढलेला बाजार कुठल्यातरी पुस्तकातला होता. डोंगर, देऊळ, डोक्यावर टोपली घेतलेली गोरीपान बाई. लालबागचा मसाला बाजार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण तो कागदावर नव्हता. 'चित्रात काय शोभतं' हे कुणी न शिकवताच ती शिकली होती.

पुढे कथाचित्रांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा रद्दीवाल्याकडचे जुने दिवाळी अंक तिने जमवले. दीनानाथ दलालांची चित्रं ती तासन् तास गिरवायची. गोव्यातून मुंबईत आलेल्या या माणसाने १९४५ साली 'दीपावली' सुरू केला आणि मराठी घराला चित्र बघायला शिकवलं. त्यांच्या रेषेला तोड नाही, हे मान्यच. पण दलालांची स्त्री तिच्या प्रत्येक कथेत येऊन बसायला लागली. 'कामावरून परतलेली बाई' या विषयावरही तीच, लांबसडक बोटांची. क्लासमधल्या एका सीनियर मुलाने विचारलं, "ही कुठल्या कामावरून आली गं?" ती आठवडाभर गप्प होती. त्यानंतर तिने आईचं चित्र काढलं. आई हॉस्पिटलात आया आहे. रात्रपाळीहून आलेली, चाळीच्या गॅलरीत पाय पसरून बसलेली, टाचा भेगाळलेल्या. त्या टाचा काढताना तांब्याच्या बुडाचे सहा महिने कामाला आले. क्लासच्या सरांचा शेरा होता : "ड्रॉइंग उत्तम. विषय जरा प्रसन्न घ्यावा."

प्रसन्न म्हणजे कुणाचा? इथं वाद आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेबाबरोबर तिथले विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. म्हणजे या शहरातलं कलाशिक्षण बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर वाढलं. बाबासाहेब स्वतः उतारवयात चित्रकला शिकले. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचं त्यांचं चित्र आपल्याला माहीत आहे. तरीही आपण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरून चित्रं विकत आणतो आणि चित्र काढणाऱ्या पोराला 'टाइमपास करू नको' म्हणतो. पोस्टर हवं, चित्रकार नको, हे कसं चालेल?

आता ती कला सीईटीची तयारी करतेय. पेपर पुन्हा तेच, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, वर सामान्य ज्ञान. म्हणजे ज्याला क्लास परवडतो त्याचंच पारडं जड. वडील अजून पूर्ण पटलेले नाहीत, पण फॉर्मवर सही केलीय. गेल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहून तिने एक वही भरली. झोपलेली पोरं, पायातल्या तुटक्या चपला, पुस्तकांच्या स्टॉलवर वाकलेली म्हातारी. ती वही वडिलांनी घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवली, असं ऐकलं.

रविवारी सकाळी अभ्यासिकेत ती लहान पोरांना घेऊन बसते. मधोमध आमचाच पाण्याचा माठ ठेवलेला असतो. कुणाच्या ऑफिसात एका बाजूने कोरे कागद पडून असतील, तर आणून द्या. पेन्सिली चालतील, फोर-बी असल्या तर उत्तम.