चिखलातले चाक

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. गाडी वळली म्हणजे बाहेरचे चाक अधिक अंतर तोडते, आतले कमी, आणि कोणाचेच कोणावाचून अडत नाही. कारण ओढावयाचे काम बैलांचे. मोटारीत मात्र ढकलावयाचे काम चाकांनाच करावे लागते. इंजिनाचे बळ दोन चाकांना वाटून देऊन, शिवाय वळणावर त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दंतचक्रांची जी योजना, तिचे नाव डिफरन्शियल.

ही योजना डांबरी रस्त्यावर जितकी गुणी, तितकीच चिखलात घातकी. निपाणीकडची काळी माती ज्यांनी पावसात तुडविली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. २०२२ च्या श्रावणात एका रात्री आमच्या आजीचा दमा बळावला. वेदगंगेकाठच्या मळ्यातून तिला भाड्याच्या जीपने निपाणीस न्यावयाचे ठरले. उसाच्या फडाजवळ मागचे डावे चाक चिखलात सापडले आणि भिंगरीसारखे गरगरू लागले. उजवे चाक चांगले मुरुमावर होते, तरी जागचे हालेना! आत आजीला धाप लागलेली. आम्ही मागून ढकलीत होतो.

असे का व्हावे? साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना फिरविण्याचे बळ सारखेच देते. चिखलातले चाक फिरावयास फारसे बळ लागत नाही. आणि त्याच्या वाट्याला जेवढे अल्प, तेवढेच घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळते. दुबळ्याच्या मापानेच बळकटालाही वाढले जाते.

शेजारच्या मळ्यातील अण्णा ट्रॅक्टर घेऊन धावले. दोर बांधला, तो ट्रॅक्टरचेही एक चाक घसरू लागले. अण्णांनी टाचेने एक पेडल दाबले. त्यासरशी दोन्ही मोठी चाके एका जिवाने फिरली आणि जीप वर आली. ते पेडल म्हणजे डिफरन्शियलचे कुलूप. रस्त्याला लागताच अण्णांनी पाय काढला. कारण कुलूप लागलेले असता गाडी नीट वळत नाही, टायर घासतात. आजी वेळेवर दवाखान्यात पोचली.

पण प्रत्येक चालक काही अण्णा नसतो. म्हणून हे कुलूप आपले आपण लागावे, अशी युक्ती निघाली. ईटन कंपनीचे असे यंत्र १९७३ पासून अमेरिकेतील मालवाहू गाड्यांत बसू लागले. २०२० मध्ये नाशकात तयार होणाऱ्या नव्या ‘थार’च्या काही प्रकारांतही मागील आसावर ते आले. त्यात एक चिमुकला वजनांचा नियामक असतो. दोन चाकांच्या वेगांत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की निपाणीच्या उरुसातील फिरत्या पाळण्याच्या खुर्च्यांप्रमाणे ती वजने बाहेर फेकली जातात व एका खिटीत अडकतात. त्यामुळे आतले एक चक्र अडते, त्याचा उतरता काठ क्लचच्या चकत्यांना एकमेकींवर दाबतो आणि दोन्ही चाके जोडली जातात. वळणावर फरक एवढा पडतच नाही, म्हणून कुलूप उघडेच राहते. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर ते लागूच नये, अशीही तजवीज आहे. ही शेवटची गोष्ट आम्हास सर्वांत शहाणपणाची वाटते. भरधाव गाडीची मागची चाके अचानक जखडली, तर ती निसरड्या वाटेवर भलतीकडेच जावयाची.

अर्थात हे यंत्र बळ वाटून देते, पकड निर्माण करीत नाही. दोन्ही चाके सारखीच रुतली, किंवा गाडीचे पोटच चिखलाला टेकले, तर चाकांखाली दगड नि उसाचा पाला घालण्यावाचून गत्यंतर नाही.