तोंडी येतं, लिहिता येत नाही



दशलक्षण पर्वात आपल्यातल्या दोघींनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "काकू, मुलाचं शाळेत सांगायचं कसं?" बस्तीच्या पायरीवर हे नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची नात, इथे तिला चिमणी म्हणू, २०१६ साली आमच्या घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. मुलगा-सुनेने 'कारा'कडे रीतसर नोंदणी केली, दोन वर्षं वाट पाहिली आणि न्यायालयाच्या आदेशाने तिला दत्तक घेतलं. आमच्या बोळात हे सगळ्यांना माहीत आहे आणि चिमणीलाही माहीत आहे. लपवायचं नाही, हे सुनेने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

तिची पहिली-दुसरी कोरोनात मोबाइलवरच झाली. तिसरीत शाळा नियमित सुरू झाली आणि वहीत लाल शेरे येऊ लागले. 'अपूर्ण.' 'अक्षर सुधारा.' 'लक्ष नाही.' फळ्यावरच्या पाच ओळींतली दीड ओळ उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसायच्या. 'कमळ'चं 'मकळ' व्हायचं. ५२ आणि २५ तिला सारखेच दिसायचे. घरी मात्र मी म्हणताना ऐकून ऐकून याच मुलीला भक्तामर स्तोत्राचे अठ्ठेचाळीसही श्लोक पाठ झाले होते. पाठशाळेत ती सर्वांत पुढे आणि शाळेत सर्वांत मागे, हे गणित मला जुळेना.

पालकसभेत सुनेबरोबर मीही गेले. बाई म्हणाल्या, "तोंडी सगळं येतं हो, लिहायचाच आळस." मग आवाज खाली आणून, "दत्तक आहे ना, तुम्ही जरा जास्तच लाडावता. आणि मूळचं काय असेल, आपल्याला काय ठाऊक?" सुनेचे डोळे भरून आले. मी विचारलं, "बाई, वर्गात आणखी किती मुलांची अक्षरं उलटी होतात?" म्हणाल्या, दोघा-तिघांची. "ती दत्तक आहेत का?" त्या गप्प झाल्या. नंतर मुख्याध्यापकांनी 'दुसरी एखादी शाळा बघा' असंही सुचवलं.

मी बी. कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली आणि ते शिक्षण घरखर्चाच्या वहीपलीकडे फारसं कामाला आलं नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की होती. ताळेबंद जुळला नाही तर चुकलेली नोंद शोधायची असते, कारकुनावर ओरडून तो जुळत नाही. मी एक फाइल केली. तारीख, काय घडलं, कोण काय म्हणालं, आणि सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. तीन महिन्यांत फाइल जाड झाली.

ती घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला लावले. मग मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन चाचणी घेतली आणि विशेष शिक्षिकेने वाचन, लेखन, गणित तपासलं. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होते: गरोदरपणात आईला काही त्रास होता का? बाळ जन्मतःच रडलं का? कुटुंबात कुणाला अशी अडचण होती का? सुनेने तिन्ही ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं, तेव्हा तिचा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, "असू दे. ती आज कशी वाचते, हे आजच तपासता येतं." दत्तक मूल असलेल्या आयांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. कोऱ्या रकान्यांमुळे काही अडत नाही.

बुद्धी उत्तम, पण वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया, असं निदान झालं. चेहऱ्यावर, चालण्याबोलण्यात काही दिसत नाही, म्हणून लोक आळस म्हणतात. प्रमाणपत्र मात्र अधिकृत सरकारी रुग्णालयाचंच लागतं आणि ते मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं. त्यासाठी आम्हाला दोन खेपा पडल्या.

हे कळल्यावर एका ओळखीच्या बाई हळहळून म्हणाल्या, "ज्ञानावरणीय कर्म हो बिचारीचं." वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आपण स्वाध्यायात वाचतो. ज्ञानावरणीय कर्माचा आस्रव कशाने होतो, त्या कारणांत 'अंतराय' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं. चिमणीने मागे काय बांधलं ते केवली भगवान जाणोत. फळा उतरवून झाला नाही म्हणून तिला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणारे आज काय बांधतात, ते मात्र सूत्रात स्पष्ट आहे. आणि तो अडथळा दूर करणं हे ज्ञानदानच की! आपल्या चार दानांतलं एक. आणखी एक सांगते. आपण श्रुतपंचमी साजरी करतो ती कशासाठी? आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं आणि त्यांच्याकडून षट्खंडागम लिहिला गेला, त्याची ती आठवण. त्याआधी कित्येक शतकं आपलं श्रुत गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात असंच जपलं गेलं. कानाने शिकणाऱ्या मुलीला आपण तरी अडाणी म्हणू नये.

आता शाळेचं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. अशी मुलं लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवावं, परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक द्यावा, असं हा कायदा सांगतो. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नसतो. हे कळल्यावर माझा आवाज आपोआप शांत झाला. भांडावं लागलंच नाही.

आम्ही एक पानाचं पत्र केलं. सही आईवडिलांची, कारण शाळा आजीचं ऐकते पण नोंद पालकांची घेते. त्यात चारच मागण्या ठेवल्या: फळ्यावरचं छापील कागदावर मिळावं, आधी तयारी न करवता वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये, परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळावीत, आणि विज्ञान-परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. 'विशेष लक्ष द्या' असं मोघम लिहिलं नाही, कारण त्याला 'हो' म्हणून कुणीही विसरून जातं. दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का घेतला. पत्रात दत्तकाचा उल्लेख केला नाही. ती चिमणीची स्वतःची गोष्ट आहे, कुणाला सांगायची ते ती ठरवेल.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाकीचे पालक विचारतील." मी म्हटलं, "विचारू द्या. त्यांच्यातही दोन-तीन मुलं अशी असतील, त्यांचं भलं होईल." पहिल्या दोन मागण्या लगेच मान्य झाल्या. उरलेल्या दोन प्रमाणपत्र हातात आल्यावर, तिसऱ्या भेटीत.

चिमणी आता सहावीत आहे. सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. हिंदीत अजून रडते, जोडाक्षर आलं की अडखळते, गुण मध्यमच असतात. दर जूनमध्ये नव्या बाई येतात आणि त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं. पण या वर्षी आम्ही पत्र घेऊन जाण्याआधी ती स्वतःच बाईंजवळ गेली आणि म्हणाली, "बाई, मला वाचायला वेळ लागतो. प्रश्न एकदा वाचून दाखवाल का?" बाईंनी वाचून दाखवला.

हा लेखही मी तिला वाचून दाखवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत. बाकीचं तिच्या परवानगीने.

ज्यांना पत्राचा नमुना हवा असेल त्यांनी रविवारी पाठशाळा सुटल्यावर भेटा. झेरॉक्स काढून ठेवते.

जय जिनेंद्र.