रागाचा कुकर आणि इंग्रजीचा तास

नववीच्या मराठी माध्यमाच्या वर्गातला हा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. बाईंनी पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली, फळ्यावर भलामोठा कुकर काढला आणि विचारलं, "घरात कुणी चिडलं की काय होतं? मराठीतच सांगा."

पारा चढतो. डोकं तापतं. रक्त खवळतं. "आणि बाबांचा भडका उडतो!" वर्ग खो खो हसला.

मग गटागटाला चिठ्ठ्या मिळाल्या: 'बॉइल विथ अँगर', 'लेट ऑफ स्टीम', 'ब्लो युवर टॉप', 'फ्लेअर अप', 'सिमर डाउन'. अर्थ सांगितलेला नाही. प्रत्येक चिठ्ठी कुकरवर योग्य जागी चिकटवायची आणि तीच जागा का, ते इंग्रजीत सांगायचं, मोडकंतोडकं चालेल. वाफ शिट्टीपाशी गेली, 'टॉप' झाकणावर. 'फ्लेअर अप' आत टाकू पाहणाऱ्या मुलाला एका मुलीने अडवलं. ती म्हणाली, "नॉट इनसाइड, इट इज फायर!" आणि चिठ्ठी शेगडीवर लावली. खरी जुंपली ती 'सिमर डाउन'वरून. उकळी फुटण्याआधी की नंतर? गॅस बारीक केल्यावर, असं शेवटी मुलांनीच ठरवलं. शांत होणे हा अर्थ बाईंना सांगावाच लागला नाही.

राग म्हणजे बंद भांड्यात तापणारा द्रव, ही कल्पना इंग्रजीत आणि मराठीतही आहे. अशी रूपकं कवितेपुरती नसतात, आपला रोजचा विचारच त्यांच्या आधाराने चालतो, हे जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात मांडलं. पुढे बेल्जियमच्या फ्रँक बूर्स यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. रूपकांनुसार गट पाडून दिलेले शब्दप्रयोग साध्या यादीपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांना दिसलं. ते निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्थात, मराठीचं बोट धरून सगळीकडे जाता येत नाही. एकाने हौसेने वाक्य केलं, "डोन्ट ईट माय हेड." बाईंनी ते खोडलं नाही. शेजारी 'बाइट समवन्स हेड ऑफ' लिहिलं आणि एका मुलाच्या अंगावर खोटंखोटं खेकसून दाखवलं. डोकं दोन्हीकडे तोंडात, पण मराठीत ते पिरपिर करून खाल्लं जातं, इंग्रजीत एका फटक्यात तोडलं जातं. हा फरक कुठल्याही गाइडात इतका स्वच्छ कळला नसता.

आपल्याकडे वाक्प्रचार अजून 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' एवढ्यावरच उरकले जातात. परीक्षेला ते पुरतं. पण मुलांच्या तोंडी इंग्रजी येत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: पुढचा धडा घ्याल तेव्हा त्यातले पाच-सहा वाक्प्रचार एका चित्राभोवती जमवा, अर्थ आधी सांगू नका, आणि मुलांना भांडू द्या.