भाऊबीजेची पुस्तकं

माझं शिक्षण हिंदीत झालं आणि वाचन मराठीत, हे थोरल्या वहिनींचं देणं. त्या काटोलच्या. पांढुर्ण्याजवळ आमच्या गावी नांदायला आल्या तेव्हा तीच काळी माती, तेच संत्र्याचे बगीचे, बोलीही तीच. मधे फक्त १ नोव्हेंबर १९५६ला पडलेली राज्याची हद्द. तिच्या अलीकडे शाळा नि कचेरी हिंदीत, आणि मराठी पुस्तक हवं तर नागपूर गाठायचं.

वहिनींनी तोड काढली. ओवाळणीत साडी नको, पुस्तकं आण, असं भावाला बजावलं. तो बिचारा दर भाऊबीजेला जड पिशवी घेऊन येई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते. तिकडे पळू नये म्हणून वहिनी आम्हा पोरांना ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचत. नदीकडचा गलबला ऐकू येई आणि तरी कोणी उठत नसे. 'श्यामची आई' मी तिथे ऐकलं, 'स्मृतिचित्रे'ही. लक्ष्मीबाईंच्या फटकळपणावर त्या इतक्या हसत की आई चुलीपासून विचारी, "काय झालं वं?" मग एकदा पुस्तक माझ्या हातात आलं. "आता तू वाच बाबू, माह्या घश्याले कोरड पडली."

पुढे मी नोकरीला भोपाळला गेलो. वहिनींचा मोतीबिंदू काढला, तरी बारीक छपाई सोसेना. मोबाइलवर वाचलं की डोळ्यांतून पाणी. मी ई-रीडर नेऊन दिला. "आणखी एक मोबाइल काहून आणला?" ही पहिली प्रतिक्रिया.

मोबाइलचा पडदा डोळ्यांत उजेड फेकतो. याच्या पडद्यात शाईचे काळे-पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्यानं ते वरखाली होतात आणि मग जागच्या जागी राहतात. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, म्हणून एकदा चार्ज केला की आठवडे पुरतो. उजेड कागदाला लागतो तसा बाहेरचाच चालतो. बगीच्यात रखवालीला बसून वहिनी भर उन्हात वाचतात, जिथे मोबाइलवर धड काही दिसत नाही. अक्षर बोराएवढं केलंय. पानावर जेमतेम काही ओळी मावतात, त्याचं त्यांना काही नाही.

पुस्तकंही मिळतात. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, तेव्हा २०११पासून 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. लक्ष्मीबाई १९३६मध्येच गेल्या होत्या. ई साहित्य प्रतिष्ठान तर पुस्तकं फुकट देतं. माझी तक्रार स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल आहे: अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. ज्यांना मोठ्या अक्षराची खरी गरज, त्यांचीच त्यात अडचण. मजकूर टंकून ईपब करणाऱ्याला म्हातारी माणसं दुवा देतील.

वहिनींच्या भावाचे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत. भाऊबीजेला तो मला पुस्तकाचं नाव सांगतो, पैसे पाठवतो आणि नेटवर्क असलं तर ओवाळणी लगेच पोचते.

माझी बहीण सौंसरला दिलेली. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, पण वहिनींच्या यंत्रावर तिनं हक्क सांगितला तो त्याच्याही आधी. पोळ्याला माहेरी आली नि घेऊनच गेली. मी दुसरं आणलं आणि त्याच खात्याला जोडलं. दोघी एकच पुस्तक वाचत असल्या की एकीचं यंत्र दुसरीच्या पानावर जायचं का, असं विचारतं. मी खाती वेगळी करून देतो म्हणालो.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "ते कुठवर पोचली, थे मले फोन न करता समजते."