रॉकेलचा वास

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. मनमाडपासून जवळच आहे आमचं गाव. जेवणं झाली, अंगणात खुर्च्या टाकल्या आणि काकांनी नेहमीचा विषय काढला. डिझेल! काकांचा टेम्पो आहे. कांद्याचा हंगाम असला की लासलगाव, नाहीतर मिळेल ते भाडं. "सरकारने डिझेल स्वस्त करायलाच पाहिजे," हे त्यांचं कायमचं मत.

मी आपलं शहाणपण पाजळलं. "काका, खरं तर इंधन महागच पाहिजे. हवा खराब होते, तेल बाहेरून आणावं लागतं. स्वस्त केलं की लोक जास्त जाळतात."

काका शांतपणे म्हणाले, "तू कंपनीच्या बसने जातोस ना रे?"

बोलती बंद.

रात्री झोप येईना, तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. मी शाळेत असताना काका कधीकधी टेम्पोच्या टाकीत रॉकेल ओतायचे. रेशनचं रॉकेल तेव्हा डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. निळा रंग घातलेला असायचा, भेसळ ओळखू यावी म्हणून. पण टाकीत वाकून बघतो कोण? तिकडे आजीचा स्टोव्ह महिनाअखेरीला थंड. रॉकेल "आलंच नाही" असं दुकानदार सांगायचा. म्हणजे गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेलं रॉकेल आमच्याच घरात चुलीऐवजी इंजिनात जळत होतं. आणि त्या वाचलेल्या पैशातून माझी वह्या-पुस्तकं आली असतील, कोणास ठाऊक.

२५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्या दिवसानंतर काकांनी रॉकेलच्या कॅनला हात लावला नाही. आमचा चार-पाच लिटरचा धंदा आणि ते टँकरवाले, यात फरक आहेच. पण दोघांचं गणित एकच होतं: दोन दरांमधली फट. ती फट सरकारनेच, चांगल्या हेतूने, तयार केली होती.

डिझेलचंही तेच. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. कोणासाठी? शेतकरी, ट्रकवाले, एसटी. आणि त्या काळात लोकांनी धडाधड काय घेतलं? डिझेलच्या एसयूव्ही! सबसिडी लिटरवर दिली की ज्याची टाकी मोठी, त्याला जास्त मिळणार. यात राजकारण नाही, साधा गुणाकार आहे.

बरं, मग बाजारावर सोडून दिलं म्हणावं, तर तसंही नाही. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले. पण २०२० च्या एप्रिलमध्ये जगात तेल कवडीमोल झालं, तेव्हा मे महिन्यात केंद्राने कर वाढवला, पेट्रोलवर लिटरला १० रुपये आणि डिझेलवर १३. स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, म्हणजे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, कंपन्यांनी दर हलवलाच नाही. तेल महागलं की बाजार, स्वस्त झालं की तिजोरी, निवडणूक आली की चिडीचूप.

आता पर्यावरणाचा मुद्दा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आयात कमी होते, ऊसवाल्याला पैसा मिळतो, दोन्ही खरं. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे गाडी थोडं जास्त पिणार. आणि ऊस पाण्यावर वाढतो. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच मराठवाड्यात ऊस उभा असतो. त्या पाण्याचा हिशोब पंपावरच्या पाटीवर कुठेच दिसत नाही.

माझं मत अजूनही तेच आहे, फक्त अर्धं. इंधनाची किंमत खरी असावी, धुराचा खर्चही त्यात धरावा. पण मदत लिटरला नको, माणसाला द्या. गॅसची सबसिडी २०१५ पासून देशभर थेट खात्यात जमा होऊ लागली, तशी.

सकाळी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आणि त्या यादीत माझं नाव कोण घालणार?"

टेम्पो आहे म्हणजे गरीब नाही, आणि हप्ते आहेत म्हणजे श्रीमंतही नाही. अशा माणसाची यादी अजून कोणी केलेली नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

काका मला स्टेशनवर सोडायला आले, टेम्पोनेच. सवयीने मी नाक वर करून हुंगलं. नुसता डिझेलचा वास होता. काकांच्या ते लक्षात आलं बहुतेक. काही बोलले नाहीत.

असो. पुढच्या वेळी डिझेलचे पैसे मी देणार आहे. निदान तेवढं तरी.